वडशाचा हो

"अवो, ओसरीत कोण बोलून राह्यलं?" वच्छलाबाईंनी चुलीपुढून विचारलं.

"कोणी नाई. कंप्युटर वाजला."

"काय म्हणते?"

"वजन कमी करा म्हणते."

"कोणाचं?"

धनराजभाऊंनी यावर उत्तर दिलं नाही. स्वयंपाकघरातून आलेल्या कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचं आणि कोणत्या नाही, हे लग्नाच्या इतक्या वर्षांनंतर माणसाला कळतंच. तेवढ्यात कंप्युटर पुन्हा टुणकन वाजला. आता काशीची आरती सुरू झाली होती. मग क्रिकेट. मग कोणीतरी गुडघ्याचं तेल विकायला आलं.

या सगळ्यांना धनराजभाऊंनीच घरात घेतलं होतं. एखादं पान उघडलं की ते विचारायचं, आम्ही तुम्हाला बातम्या पाठवू का? खाली 'हो' आणि कोपऱ्यात फुली. त्यांच्या गावातलं, मोहटोल्यातलं शाळकरी पोरसुद्धा न बघता फुली मारतं. धनराजभाऊ मात्र चष्मा सावरून सगळं वाचायचे आणि 'हो' दाबायचे. दारात येऊन कोणी अदबीनं विचारलं तर त्याला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"फुली मारा ना," वच्छलाबाई म्हणायच्या.

"तोंडावर फुली कशी मारू वो? त्यानं काय बिघडवलं माहं?"

एकेकाळी सावली या तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ धनराजभाऊंचं सायबर कॅफे होतं. सावलीत इंटरनेट आणणारे आपणच, असं ते सांगत, आणि ते खोटं ठरवायला कोणी पुढे आलं नव्हतं. तेव्हा इंटरनेट म्हणजे पडद्यावरचा निळा ई. तो दाबला की फोनच्या डबीतून खरखर, कुईकुई असा आवाज निघायचा आणि बाकावर बसलेली माणसं एकदम गप्प व्हायची. पान वरून खाली ओळीओळीनं उतरायचं. आलापल्लीच्या एका पाहुण्याला सोयरिकीतल्या मुलीचा फोटो दाखवायचा होता, तर कपाळ दिसलं तेव्हा चहा सांगितला, नाक दिसलं तेव्हा चहा आला आणि हनुवटी येईपर्यंत दोन्हीकडच्या लोकांनी शेतीवाडीची सगळी चौकशी उरकून घेतली. फोटो पूर्ण उतरला तेव्हा सोयरीक जमलेली होती. आता फोटो डोळ्याची पापणी लवायच्या आत येतो आणि तितक्याच लवकर बोटानं सरकवून दिला जातो. ती वाट बघण्याची मजाच गेली, असं धनराजभाऊंना मनापासून वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्यात चूक काही नव्हतं.

मग घरोघरी मोबाईल आले आणि कॅफेला कुलूप लागलं. शेवटचा कंप्युटर धनराजभाऊंनी गावी आणून ओसरीत मांडला. त्याच्याशेजारी एक स्टूल ठेवलं. ते खुशालचं.

खुशाल हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. तलावात जाळं टाकणारा, मोजकं बोलणारा. त्याला कंप्युटर सुरूही करता येत नसे, पण मत असे. रोज संध्याकाळी तो स्टुलावर बसून पडद्यावरच्या चित्रांकडे बघे आणि निकाल देई.

"तो कोल्हा कायले ठेवला गा?"

"तोबी इंटरनेटच दाखवते. चांगला हाये म्हणते."

"कोल्हा रानात चांगला. घरात नाई."

"मंग ही रंगीत चक्री?"

"मंडईतल्या पाळण्यासारखी दिसते. फिरवन आणि खिसा रिकामा करन. तुहा निळा ई बरा होता. सुस्त होता, पण इमानदार होता."

निळा ई आता काही उघडत नव्हता. तरी धनराजभाऊंनी तो पडद्यावरून काढला नव्हता. कामाला चक्री, मनाला ई.

गेला महिनाभर मात्र ते स्टूल रिकामंच होतं, आणि त्याला कारण वडसा.

मोहटोल्याची मंडई, म्हणजे गावची जत्रा, दिवाळीनंतर भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. घरोघर पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, आणि नाटक कसं निघालं यावर पुढचं वर्षभर बोलणं चालतं. ते नाटक ठरवायला दरवर्षी धनराज आणि खुशाल एसटीनं गडचिरोली आणि तिथून आरमोरीवरून वडशाला जात. तिथे नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या ओळीनं, दारावर रंगीत पाट्या, भिंतीवर नट-नट्यांचे फोटो. प्रत्येक कचेरीत बसायचं, चहा घ्यायचा, गोष्ट ऐकायची. दुसऱ्या अंकात सासू कशी सुधारते, हे कंपनीचा मॅनेजर डोळ्यात पाणी आणून सांगायचा. ऐकून उठताना धनराजभाऊ म्हणायचे, "हो हो, करू ना भाऊ. तुमचंच करू." हे ते प्रत्येक कचेरीत म्हणायचे. शेवटी ज्या कचेरीत नारळ फुटे, तिथला हो खरा. बाकीचे सगळे वडशाचे हो. वडशात ते सगळ्यांना समजतं, असा त्यांचा पक्का समज होता.

खुशालची एक खोड होती. प्रत्येक कचेरीतून बाहेर पडून चार पावलं गेलं की तो थांबायचा.

"सुपारीची डबी राहली आतमध्ये. थांब, घेऊन येतो."

"तुही डबी एक दिवस जाईन गा कुठीतरी!" धनराजभाऊ हसायचे. आणि डबी घेऊन आल्यावर एक तुकडा मागितला तर खुशालचं ठरलेलं उत्तर, "संपली गा." इतका विसराळू आणि इतका कंजूष दोस्त आपणच सांभाळू जाणे, असं धनराजभाऊंना वाटायचं. संध्याकाळी परतीच्या एसटीत दोघं खिडकीशी बसून, ऐकलेल्या नाटकांपैकी कोणती सासू जास्त खरी वाटली यावर वाद घालत यायचे. वर्षातला तो दिवस धनराजभाऊंना दिवाळीपेक्षा आवडायचा.

यंदा दसऱ्याआधी मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष अंकुश, नवा पोरगा, हातात मोठा मोबाईल.

"काका, वडशाले कायले जाता? आता 'नाट्यमंडई' नावाची साईट निघाली. घरी बसून नाटक बुक होते. आगाऊ पैसेबी लागत नाई. तुमच्याजवळ कंप्युटर हाये. करून टाकान?"

सगळ्यांनी धनराजभाऊंकडे बघितलं. आणि धनराजभाऊ, अर्थातच, "हो" म्हणाले.

खुशाल उठला. "बस झाला मंग वडसा," एवढंच म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. त्या दिवसापासून तो ओसरीवर आला नाही. तलावाच्या पाळीवर समोरासमोर भेट झाली तरी जाळ्याकडे बघू लागायचा. धनराजभाऊंना नाटकाची चिंता नव्हती. खुशाल परत त्या स्टुलावर बसतो की नाही, याचा मात्र त्यांना घोर लागला होता. यंदाचं नाटक असं रंगलं पाहिजे की त्यानं आपण होऊन येऊन म्हणावं, 'बरं होतं गा.'

म्हणून ते मोठ्या उत्साहानं कंप्युटरपुढे बसले. 'नाट्यमंडई' उघडली. आधी सारस नाट्य रंगभूमीचं पान आलं. वाचून होतंय तोवर एक चौकट वर आली. त्यात नाटकाची हिरोईन हात जोडून उभी होती आणि विचारत होती, 'आमचं नाटक आपल्या गावात आणू का?' खाली हिरवा 'हो'. कोपऱ्यात फुली, नेमकी तिच्या डोक्याशी.

"वच्छला, पाय वो. बाई हात जोडून विचारून राह्यली."

"मंग पायतो म्हणा."

"पायतो म्हणाची सोय नाई ना इथी. हो नाईतर फुली."

त्यांनी हो दाबला. पुढे मंडईची तारीख त्यांनी टाकली. नाव, गाव, फोनही भरायचा होता, पण चक्रीला ते सगळं पाठ होतं, तिनं भराभर आपणच भरून टाकलं. धनराजभाऊंना बरं वाटलं. वडशातला एखादा जुना मॅनेजर नावानिशी ओळखतो, तशी ही ओळखते. मग मोहर नाट्य रंगभूमी उघडली. तिथेही एक बाई हात जोडून. तिलाही हो. शेवटी चांदणी नाट्य रंगभूमी. तिथली गोष्ट त्यांना फार आवडली, सासू तिसऱ्या अंकापर्यंत सुधारतच नव्हती. त्यांनी देवघरातला नारळ आणून कंप्युटरसमोर फोडला, पाणी जपून बाजूला धरलं आणि मगच हो दाबला. हा खरा हो.

"चांदणीचं पक्कं झालं," त्यांनी अंकुशला सांगितलं.

आठवडाभरानं फोन आला. "धनराजभाऊ का जी? सारसमधून बोलून राह्यलो. मंडईले येतो आमी."

धनराजभाऊंना आठवलं, नारळ तर चांदणीचा फुटला होता. पण माणूस स्वतःहून येतो म्हणत होता. येऊ नका कसं म्हणायचं?

"या ना भाऊ, या! गाव तुमचंच हाये."

दुसऱ्या दिवशी मोहरचा फोन. त्यालाही "या ना भाऊ." फोन ठेवून धनराजभाऊंनी ते वच्छलाबाईंना सांगितलं.

"सांगून द्या ना त्यायले," वच्छलाबाई म्हणाल्या.

"सांगतो. आता फोन आला की पहिले तेच सांगतो."

फोन आला. तब्येत विचारली, धान कसं आहे विचारलं, आणि "या" म्हणून ठेवला. असं एकदा नाही, तीनदा झालं. खुशाल असता तर त्याला विचारता आलं असतं. धनराजभाऊ एकदा त्याच्या गल्लीपर्यंत गेलेही, पण तिथूनच परत फिरले.

मंडईचा दिवस उजाडला. दुपारी चांदणीचा ट्रक आला. पडदे, पेट्या, तबले, राजवाड्याचा पुठ्ठ्याचा दरवाजा उतरला. अंकुशनं नारळ देऊन स्वागत केलं. अर्ध्या तासात मोहरचा ट्रक आला आणि त्यातूनही एक राजवाडा उतरला. गावकऱ्यांना वाटलं, मोठं नाटक दिसतं. तेवढ्यात सारसची गाडी आली. मांडव एक, रंगमंच एक आणि माईकपुढे तिघं जण एकामागून एक "हॅलो, चेक" म्हणू लागले. दोन कंपन्यांचे व्हिलन एकाच झाडाखाली दाढी करायला बसले आणि एकमेकांना आरसा देईनात.

अंकुश घाम पुसत ओसरीवर आला. "काका, तीन नाटकं?"

"मी एकालेच हो म्हणालो गा."

"मंग बाकीच्यायले काय म्हणाले?"

"वडशाचा हो."

अंकुशला काही समजलं नाही. त्याचा जन्मच चुकीच्या काळात झाला होता, त्याला धनराजभाऊ तरी काय करणार?

घरात तर वेगळंच रण माजलं होतं. कलाकारांचं जेवण धनराजभाऊंकडे, हा जुना रिवाज. वच्छलाबाईंनी एका कंपनीच्या अंदाजानं मासळीचा रस्सा केला होता. आता तिन्ही मॅनेजर ओसरीवर बसून वासावर होते.

"रश्शात पाणी घालता येते," वच्छलाबाई दाराआडून म्हणाल्या, "मच्छी नाई घालता येत. आता तरी कोणाले तरी नाई म्हणा!"

धनराजभाऊ तिघांपुढे येऊन उभे राहिले. घसा खाकरला. तिघांनी मोठ्या आशेनं वर बघितलं.

"चहा घेता का?" धनराजभाऊ म्हणाले.

"हो," तिघंही म्हणाले.

मग मात्र त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि मागच्या दारानं निघाले, ते थेट खुशालच्या अंगणात. खुशाल बाजेवर बसून जाळ्याची फाटकी गाठ बांधत होता.

"तीन आले," धनराजभाऊ म्हणाले.

खुशालनं मान वर केली नाही. "कोण तीन?"

"कंपन्या."

खुशालचा हात थांबला. तो हसेल, असं धनराजभाऊंना वाटलं होतं. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "कोणाकोणाले हो म्हणाला?"

"सगळ्यायले. तिथी मागं फिराची सोय नाई गा. वडशात कसं, सगळ्यायले समजत होतं."

खुशालनं जाळं बाजूला ठेवलं, खुंटीवरचा सदरा चढवला, कोनाड्यातून सुपारीची डबी घेतली. "चाल," म्हणाला.

ओसरीवर येऊन तो मॅनेजरांसमोर बसला नाही. त्यानं मोहरच्या म्हाताऱ्या मॅनेजरला हातानं खूण करून लिंबाखाली नेलं. हळू आवाजात काही बोलला. मग खिशातून मोबाईल काढून शेजारच्या गुंजेटोल्याला फोन लावला. गुंजेटोल्याची मंडईही त्याच दिवशी होती आणि ते लोक आठवडाभर चिडून बसले होते, कारण साईट उघडली की बऱ्या कंपन्या सगळ्या 'बुक झाल्या' असंच दिसत होतं. त्या कोणी अडवल्या, हे खुशालनं त्यांना सांगितलं नाही.

"कंपनी पाठवून राह्यलो," एवढंच म्हणाला. "मांडव तयार ठेवा."

मग त्यानं सारसच्या मॅनेजरला बाजूला घेतलं. पण खुशालनं तोंड उघडायच्या आधीच त्यानं हात धरला.

"भाऊ, रागावू नोका. आमीबी कोसमटोल्याले हो म्हणून बसलो. त्यायचा माणूस दारात आला, नाई कसं म्हणाव? इथून आमाले सोडान तर उपकार होतील जी."

खुशालनं त्याला तत्काळ सोडलं.

राहिली चांदणी. जिच्यासाठी नारळ फुटला होता ती. पण निघायच्या आधी मोहरच्या म्हाताऱ्या मॅनेजरनं धनराजभाऊंचा निरोप घेतला आणि हसत म्हणाला, "यंदा खुशालभाऊची डबी नाई राहिली तुमच्यासोबत, म्हणून हा सगळा घोळ."

"म्हणजे?"

"दरवर्षी तुमी हो म्हणून उठत होते. मंग हे डबीच्या निमित्तानं परत आत यायचे. म्हणायचे, आमच्या धनराजच्या हो कडे लक्ष देऊ नोका. त्याले कोणालेच नाई म्हणता येत नाई. पण माणूस सोन्याचा हाये, त्याले वाईट वाटन असं काई बोलू नोका." मॅनेजरनं कपाळावर हात मारला. "आमी तर चहाबी त्या हिशोबानंच सांगत होतो. एक तुमच्यासाठी, एक डबीसाठी."

ट्रक धूळ उडवत गेला. धनराजभाऊ खांबाला धरून उभे राहिले. वडशातल्या सगळ्या कचेऱ्या, सगळ्या पायऱ्या, आणि उन्हात उभं राहून डबीची वाट बघणारे आपण, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. ओळीओळीनं, वरून खाली. सगळ्या वडशाला ठाऊक होतं. त्यांनाच ठाऊक नव्हतं. आणि आपण या माणसाला जन्मभर विसराळू म्हणत आलो.

"म्हणजे तू डबी मुद्दाम ठेवत होता?"

"मंग काय," खुशाल जमिनीकडे बघत म्हणाला. "रिकामी डबी कोण चोरते?"

"रिकामी?"

"सुपारी मी कवाच सोडली गा. दात दुखत होते."

"मले एकदाबी नाई सांगितलं!"

"सांगितलं असतं तर तू हो म्हणायले लाजला असता. तुहा तो हो ऐकूनच तर लोक चहा पाजत होते."

धनराजभाऊंचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "तू नाई आला ना गा, तर ओसरी खायले उठते." खुशाल ओसरीवर चढला, स्टुलावरची धूळ फुंकली आणि बसला.

रात्री चांदणीचं नाटक सुरू झालं. सासू ठरल्याप्रमाणे सुधारली नाही. गाव खूश झालं आणि वच्छलाबाईंचा रस्सा पुरला.

त्यानंतर खुशाल पुन्हा रोज येऊ लागला. आता त्याच्याकडे काम होतं. पडद्यावर कोणी काही विचारलं की धनराजभाऊ कंप्युटरच्या उंदरावरून हात काढायचे आणि मान वळवून तुळशीकडे बघत राहायचे. मग खुशाल, ज्याला कंप्युटर सुरूही करता येत नव्हता, तो शांतपणे फुली मारायचा. गुडघ्याचं तेल गेलं, वजन गेलं, क्रिकेट गेलं. काशीची आरती वच्छलाबाईंनी ठेवून घेतली.

अशाच एका संध्याकाळी उठता उठता खुशाल म्हणाला, "पुढच्या साली वडशाले जाऊ का गा? एसटीनं."

"हो!" धनराजभाऊ म्हणाले. "तू येशीन ना?"

"हो," म्हणाला आणि खुशाल पायऱ्या उतरला. धनराजभाऊंनी आनंदानं निळ्या ई वरची धूळ टॉवेलानं पुसली, जशी काही त्याची मेहेरबानी होती. तेवढ्यात पावलं वाजली. खुशाल परत येत होता.

"डबी राहली," तो म्हणाला.

धनराजभाऊंचा टॉवेल तिथंच थांबला. डबीचा अर्थ आता त्यांना ठाऊक होता. "खुशाल," ते कसेबसे म्हणाले, "कशाले नाई म्हणायले आला तू? सांगून टाक. वडशाले नाई ना येत?"

खुशाल बुचकळ्यात पडून त्यांच्याकडे बघत राहिला. मग स्टुलाखाली वाकला, चाचपलं, आणि डबी वर काढली.

"खरंच राहली होती गा," तो म्हणाला.

त्यानं डबी हलवली. आत खुळखुळ वाजलं. झाकण उघडून त्यानं ती धनराजभाऊंपुढे धरली. डबी काठोकाठ भरली होती.

"घे," खुशाल म्हणाला. "तुह्यासाठीच भरली."